ओळीच्या पलीकडे

सफरचंद तोडायचं काम दिसायला सोपं, पण तसं ते नाही. फळ ओढायचं नसतं. तळहातात घेऊन वर उचलायचं, अंगठा देठाशी टेकवायचा आणि जरासं वळवायचं, की ते आपणहून हातात येतं. ओढलं तर देठ फांदीलाच राहतो, आणि बिनदेठाचं फळ लवकर सडतं. असं एखादं फळ सापडलं की मुकादमीण ग्लेनिस ते दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर विचारायची, "हे कुणाच्या मेव्हण्याने तोडलंय?"

पिरेत हे सगळं पहिल्याच दिवशी शिकली. ती शिकायला चलाख आणि बोलायला कंजूष. तिची मैत्रीण त्रीनू बरोबर उलटी. कामात धांदरट, पण तोंड एकदा सुरू झालं की बंद होणं नाही. दोघी एस्टोनियातल्या एकाच लहान गावातल्या, शाळेत एकाच बाकावर बसलेल्या. जग बघायची टूम पिरेतने काढली आणि त्रीनू तिच्या मागोमाग आली. मेलबर्नला एका फ्रेंच जोडप्याकडून त्यांनी जुनी पांढरी व्हॅन घेतली, गादी आणि भांड्यांसकट, आणि ती बोटीवर चढवून टास्मानियात उतरवली. मग जिथे पीक तयार तिथे व्हॅन. आधी स्ट्रॉबेरी, नंतर चेरी, आणि आता थंडीच्या तोंडावर ह्युऑन नदीकाठची सफरचंदं. असं शेतावर राबलं की व्हिसा आणखी एक वर्ष वाढून मिळतो. बॅकपॅकर पोरं त्यासाठीच मुकादमाच्या शिव्या खातात.

मळा उतारावर होता. झाडं तारांना बांधलेली, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. प्रत्येक ओळ म्हणजे पानांची एक लांबच लांब भिंतच. एका ओळीला दोघं लावत, एक या बाजूने, एक त्या बाजूने. पलीकडचा दिसत नसे, नुसता ऐकू येई. पानं सळसळत, शिडी करकरे, छातीवरच्या पिशवीत फळं टपटप पडत. पिशवी भरली की ती आपल्या बाजूच्या मोठ्या लाकडी पेटाऱ्यात रिकामी करायची.

ग्लेनिसचा एक नियम मात्र सक्त होता. रोज सकाळी, आणि प्रत्येक सुट्टीनंतर, काम सुरू करण्याआधी पलीकडे आवाज द्यायचा.

"नाव घेऊन हाक मारायची," ती नव्या पोरांना सांगायची. "उत्तर आलं की मगच हात चालवायचे. नाही आलं तर गप उभं राहायचं. बोलायचं नाही, काही नाही. मला येऊन सांगायचं."

"का बरं?" त्रीनूने विचारलं होतं.

"पलीकडून कुणाची शिडी टेकलेली असते. तुझ्या धक्क्याने तो पडला तर तू बघणार आहेस त्याच्या पोराबाळांकडे?"

कारण पटण्यासारखं होतं. तिमोरहून आलेले मजूर हा नियम कटाक्षाने पाळत. ट्रॅक्टरवाला अबिलिओसुद्धा पेटारे उचलण्याआधी ओळीच्या तोंडाशी थांबून दोन्ही बाजूंची नावं पुकारी. पोरं आधी हसायची, मग त्यांनाही सवय लागायची. त्रीनूने तर त्याचा खेळच केला होता. "पिरेत, जिवंत आहेस का?" ती ओरडे. "आहे," पिरेत म्हणे. मग पलीकडून जी बडबड सुरू होई ती चहाच्या सुट्टीपर्यंत.

भांडण झालं ते व्हॅनमध्ये, सकाळच्या लापशीवर.

"मी घरी जातेय," त्रीनू म्हणाली. "तिकीट काढलंय."

पिरेतचा चमचा हवेतच राहिला. "कधी ठरवलंस?"

"ठरवलं असं नाही गं. कंटाळले. मला आपली काळी भाकरी खायचीय. आईच्या हातचं कोबीचं सूप प्यायचंय. पाय पसरून झोपायचंय." ती पातेलं पुसत होती. "तू पण चल ना."

हे तिने पातेल्याकडे बघत म्हटलं. तिने वर बघून म्हटलं असतं तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. खरं सांगायचं तर पिरेतलाही घरी जायचं होतं. गेले कित्येक आठवडे तिला झोपेत गावाकडची बर्फाने लगडलेली झाडं दिसत. पण निघताना सगळ्या गावाला सांगून निघाली होती, दोन वर्षं तोंड दाखवणार नाही म्हणून. आणि मनातलं बोलून दाखवणं तिच्या फार जिवावर येई.

"मी काय तुझ्यासारखी शेपूट घालून पळणारी नाही," ती म्हणाली. आणि एवढ्यावर न थांबता, "तुला आणलं तिथेच चुकलं माझं. आयुष्यभर कुणीतरी बोटाला धरून न्यायला लागतं तुला."

त्रीनूने पातेलं खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली.

घरात भांडण झालं तर माणूस दुसऱ्या खोलीत जातो, दार आपटतो. व्हॅनमध्ये जायला खोली नाही, आणि दार आपटावं तर तेच दार पुन्हा उघडून आत यावं लागतं. दोघी एकाच गादीवर पाठीला पाठ लावून झोपू लागल्या. मीठ हवं असलं तरी मागायच्या नाहीत, हात लांब करून घ्यायच्या. दिवसभरात काय ती झाडांची भिंत त्यांना मिळायची. तीही हवीहवीशी वाटू लागली होती.

साहजिकच हाका मारणंही बंद पडलं. दोघी आपापल्या बाजूला जात आणि मुकाट्याने कामाला लागत. ग्लेनिसला याचा पत्ता नव्हता.

त्या सकाळी नदीवरून धुकं वर चढलं होतं. पुढचं झाडसुद्धा नुसतं काळपट दिसत होतं. पिरेत आधी उठून मळ्यात आली. थोड्या वेळाने पलीकडून पानं सळसळली. पिशवीत पहिलं फळ पडलं, मग दुसरं. आली एकदाची, पिरेतने मनाशी म्हटलं, आणि हात चालवत राहिली.

कावळ्यासारखे इथले काळे करावॉंग पक्षी खाली कुठेतरी ओरडत होते. बाकी शांतता होती. पलीकडचे हात आज छान लयीत चालले होते. पिरेतने एक फळ तोडलं की पलीकडे एक पडे. ती थांबली की पलीकडेही थांबे. त्रीनू आपल्याकडे कान लावून आहे, असं पिरेतला वाटलं. चेहरा दिसत नसला की माणसाला बोलणं सोपं जातं.

"त्रीनू," ती हळूच म्हणाली. "बोलू नकोस. नुसतं ऐक."

पलीकडचे हात थांबले.

"मी जे बोलले ते खोटं होतं. बोटाला धरून न्यायला मलाच लागतं. तू नसतीस तर मी विमानतळावरूनच परत फिरले असते." तिने बाहीने नाक पुसलं. "मलाही घरी यायचंय गं. तुझ्याबरोबर यायचंय. मला इथे एकटीला नाही राहता येणार. मला घेऊन चल."

एवढं ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती. आईशीही नाही. बोलता बोलता ती रडायला लागली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

"ऐकतेयस ना?"

मग तिच्या चेहऱ्यासमोरची पानं बाजूला झाली आणि फांद्यांतून एक हात आला. हातमोजा नव्हता. तळव्यावर एक सफरचंद होतं, देठासकट. पिरेतने ते घेतलं आणि तो हात आपल्या हातात धरला. तो गार होता, पण अशा धुक्यात सगळ्यांचेच हात गार असतात. त्या बोटांनीही तिची बोटं घट्ट धरली, हवी त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग हात मागे गेला.

सुट्टीची शिट्टी होईपर्यंत पिरेत मन लावून काम करत होती. तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

चहाच्या शेडमध्ये ती गेली तेव्हा त्रीनू आधीच तिथे बसली होती. कोरडी ठणठणीत. अंगात पांढरा एप्रन, केसांना जाळी. फळांची प्रतवारी करणाऱ्या बायका घालतात तशी.

"तुझ्या मैत्रिणीला सकाळीच खाली प्रतवारीला नेलं मी," ग्लेनिस कपात चहा ओतत म्हणाली. "तुला सांगितलं नाही वाटतं हिने? तुमचं काय बिनसलंय ते तुमचं तुम्ही बघा. पण तू एकटीने दोन्ही बाजू उरकल्यास म्हणे. शाबास!"

"दोन्ही पेटारे काठोकाठ," अबिलिओ म्हणाला. तो पिरेतकडे बघत नव्हता. "फळ एकदम छान तोडलेलं. दोन्हीकडचं."

पिरेत त्रीनूच्या कोरड्या एप्रनकडे बघत होती.

"मी ओळीच्या तोंडाशी थांबलो होतो," अबिलिओ कप हातात फिरवत म्हणाला. "हाक मारणार, तेवढ्यात तू बोलायला लागलीस. बराच वेळ बोलत होतीस."

ग्लेनिसने किटली खाली ठेवली. "आधी आवाज दिला होतास?"

"नाही."

"पलीकडून कुणी बोललं?"

"नाही."

ग्लेनिसने तिच्याकडे नीट पाहिलं, अंगावर कुठे खरचटलंय का बघावं तसं. "चहा घे गरम," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

पिरेत डोक्याने विचार करणारी मुलगी होती. पलीकडे दुसरं कुणीतरी असणार, तिने मनाला समजावलं. तिमोरी बायकांपैकी कुणी चुकून या ओळीत शिरली असेल, भाषा न समजल्याने गप्प राहिली असेल, रडणाऱ्या पोरीची दया येऊन हात पुढे केला असेल. चहा झाल्यावर ती वर जाऊन ओळीला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे पहिल्यांदाच गेली ती. झाडांवरची फळं शेंड्यापर्यंत साफ तोडलेली होती, आणि शिडी कुठेच नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन पट्टे सोडले तर गवतावर दव पडलेलं होतं, आखीव आणि सलग. त्यावरून कुणी चाललेलं नव्हतं.

ती दोन पावलं मागे सरली. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. जे बोलली ते त्रीनूने ऐकलंच नव्हतं. म्हणजे सगळं पुन्हा सांगायला हवं होतं, आणि ते आता तोंडावर.

संध्याकाळी त्रीनू व्हॅनच्या पायरीवर बसून बूट काढत होती. पिरेत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला तुला एक सांगायचंय."

त्रीनूने लगेच वर पाहिलं. ती वाटच बघत होती, हे दिसत होतं.

पिरेतने तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. आपण सकाळी रडलो हे आठवत होतं. बोललो हे आठवत होतं. काय बोललो, त्यातला एकही शब्द आठवेना. ती चाचपडत राहिली. एक शब्द जिभेवर आल्यासारखा वाटला आणि तोही गेला.

"बोल ना," त्रीनू म्हणाली.

"उद्या पाऊस आहे म्हणे," पिरेत म्हणाली.

त्रीनूने मान खाली घातली. मग तिने दुसरा बूट काढला.

त्यानंतर त्रीनू जाईपर्यंत प्रतवारीलाच राहिली. ग्लेनिस पिरेतला म्हणाली, तूही खाली ये. पिरेतने नको म्हटलं. का, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आपलं काहीतरी वर त्या ओळींत राहिलंय, आणि तिथे थांबलं तर ते परत मिळेल, असं तिला वाटत होतं.

ओळ बदलली तरी पलीकडचे हात रोज असत. ती आली की सुरू होत, ती थांबली की थांबत. अबिलिओ आता पेटारे उचलायला येई तेव्हा फक्त पिरेतचं नाव पुकारी, आणि पलीकडचा पेटारा न बोलता उचलून नेई. पिरेत एकदाच पानांना तोंड लावून म्हणाली, "मी काय म्हणाले होते?" पलीकडचे हात थांबले. ऐकत राहिले. तिचं बोलणं संपल्यावर पुन्हा चालू झाले.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पलीकडे हल्ली कुणीतरी पुटपुटत असे. अगदी हळू, पाठांतर केल्यासारखं. शब्द कळत नसत. आवाज बाईचा होता, आणि दिवसेंदिवस तो जास्त नीट होत चालला होता.

त्रीनूच्या जाण्याच्या दिवशी ऊन पडलं. ग्लेनिस तिला आपल्या गाडीतून गावातल्या बस थांब्यावर सोडणार होती. त्रीनू पाठीवर बॅग लावून व्हॅनच्या दाराशी उभी होती.

"चलते मी."

"जपून जा," पिरेत म्हणाली.

"एवढंच?"

पिरेतने सगळा जीव एकवटला. ओठ हलले. तिला त्रीनूला मिठी मारायची होती. तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं. पण कशासाठी, ते सांगणारे शब्द तिच्याजवळ नव्हते, आणि शब्दांशिवाय हातही उचलेनात.

"एवढंच," ती म्हणाली.

त्रीनूचे डोळे भरून आले. तिने तोंड फिरवलं आणि गाडीत जाऊन बसली.

पिरेत वर मळ्यात गेली. पिशवी गळ्यात अडकवली, पहिलं फळ तोडलं आणि कान दिला.

पलीकडे काहीच नव्हतं.

तिने आणखी एक फळ तोडलं. पानं हलली नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पलीकडची बाजू रिकामी होती.

"आहेस का?" तिने हाक मारली. मग मोठ्याने, "कोण आहे तिकडे?"

ती धावत वळसा घालून पलीकडे गेली. गवतात तोडणीची एक पिशवी पडली होती, अर्धी भरलेली. गळ्यात अडकवायचा पट्टा घामाने ओला होता. त्यातली फळं देठासकट होती.

आणि आज दवावर पावलं उमटली होती. ती ओळीतून निघून उताराने खाली, गावच्या रस्त्याकडे गेली होती.

ग्लेनिसची गाडी चढावरून आली तेव्हा पिरेत ओळीच्या तोंडाशी बसली होती. ग्लेनिस खाली उतरली आणि दार धरून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"तू इथे कशी?"

"मी इथेच आहे."

"तू बस थांब्यावर होतीस." ग्लेनिसचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आम्ही पोचलो तर तू आधीच उभी. मला वाटलं, आडवाटेने धावत आलीस. तिला काहीतरी म्हणालीस, तुमच्या भाषेत. बराच वेळ बोललीस. ती पोर रडली, हसली, तुझ्या गळ्यात पडली. मग दोघी बसमध्ये चढलात. मी हात केला तुम्हाला."

पिरेत उठून उभी राहिली.

"ही दिलीस मला." ग्लेनिसने मूठ उघडली. तळहातावर व्हॅनची किल्ली होती. "म्हणालीस, आता लागणार नाही."

पिरेतने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

माथ्यावर तेवढी फोनला रेंज येई. ती चढण तिने कशी पार केली ते तिला कळलं नाही. तिने त्रीनूचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला. मागे बसचा आवाज येत होता.

"त्रीनू?"

"ती झोपलीय," पलीकडून उत्तर आलं. हळू आवाजात, तिला जाग येऊ नये म्हणून. तो आवाज पिरेतच्या चांगला ओळखीचा होता. फक्त इतकी माया त्यात तिने कधी ऐकली नव्हती. "माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय. खूप रडली ना आज. तिला काही निरोप द्यायचाय का?"

खाली नदी उन्हात चमकत होती. पिरेतने पुष्कळ वेळ विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

"बरं," तो आवाज म्हणाला. "मग ठेवते हं."